रिपोर्टमध्ये डावं, दुखतं उजवं

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. "तुझ्या लेकीला घेऊन ये. तुझ्या वहिनीचा एमआरआय आलाय. त्यात काय लिहिलंय ते कोणी नीट सांगेना." माझी लेक घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात इंटर्न आहे. गारखेड्याहून निघून मुकुंदवाडीत पोचेपर्यंत अकरा वाजले. नळाला पाणी येण्याचा दिवस होता, गल्लीभर पाइप पसरलेले, दारादारात ड्रम. वहिनी एका हाताने पाइप धरून उभ्या होत्या आणि दुसऱ्या हाताने उजव्या गालावर पदर दाबून धरला होता. चार महिने त्यांचा जबडा दुखतोय हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

दादाने चिकलठाणा एमआयडीसीत २८ वर्षं क्वालिटीच्या खात्यात काढली. मोजमापात बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट, यावर त्याचं घर उभं राहिलं. पलंगावर त्याने स्कॅन सेंटरची मोठी पिशवी, फिल्म आणि दोन पानी रिपोर्ट मांडून ठेवला होता. कठीण शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. पुढचे तीन तास मामा-भाचीचं जे बोलणं झालं ते मी इथे जमेल तितकं जसंच्या तसं उतरवते, कारण अशी पिशवी आज पुष्कळ घरांत कपाटावर पडलेली आहे.

दादा : हे वाच. "डिस्क डिस्प्लेसमेंट विदाउट रिडक्शन." म्हणजे डिस्क सरकली आणि काही केल्या कमी होत नाही. खाली "डिजनरेटिव्ह चेंजेस". म्हणजे सडायला लागलं. आणि हे सगळं डाव्या बाजूला. हिला दुखतं उजवीकडे. एक तर मशीनवाल्यांनी बाजू उलटसुलट केली, नाही तर हिलाच कळत नाही कुठे दुखतंय ते.

वहिनी : माझं दुखणं मला कळत नाही होय?

लेक : मामी, थांब, तुझ्याकडे येते. मामा, आधी शब्दांचं बघू. इथल्या "रिडक्शन"चा कमी होण्याशी संबंध नाही. खांदा निखळला की आपण काय म्हणतो? हाड बसवलं. त्या बसण्यालाच इंग्रजी वैद्यकात रिडक्शन म्हणतात. कानाच्या पुढे जबड्याचा सांधा असतो. हाडाचं डोकं आणि वरची खोबण यांच्यामध्ये एक छोटी चकती असते, मध्ये पातळ आणि कडेला जाड. ती पुढे सरकली, पण तोंड उघडताना परत जागेवर बसली, तर "विथ रिडक्शन". तोंड उघडूनही बसली नाही, तर "विदाउट रिडक्शन". चकती बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दादा : आणि सडलेलं?

लेक : सडलेलं कुठेच लिहिलेलं नाही. झिजलेलं लिहिलंय. हाडाचं डोकं थोडं चपटं झालंय आणि कडेला हाडाचं टोक आलंय. तुमच्या गुडघ्याच्या एक्स-रेत काय होतं?

दादा : तेच. पण गुडघ्याचं मला डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. इथे? फिल्म खिडकीकडे धरली, मान हलवली, "ऑपरेशन लागेल बहुतेक" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तेव्हापासून ही रात्री झोपत नाही.

वहिनी : तुम्ही पण झोपत नाही.

त्या डॉक्टरांचं नाव मी इथे घेत नाही, घेण्याची गरजही नाही. अशी पाच मिनिटांची भेट कुणाच्याही वाट्याला येते. पण "रिडक्शन" या एका शब्दापायी माझ्या भावाच्या घरात सहा दिवस दिवा चालू राहिला, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं. त्याला त्या शब्दाचा रोजच्या वापरातला अर्थ माहीत होता, आणि तोच त्याला चुकीच्या रस्त्याला घेऊन गेला. दुसऱ्या पानावर "अनरिमार्केबल" हा शब्द तीन वेळा आला होता. दादाने त्याखालीही रेघ मारली होती. लक्षात घेण्याजोगं काही नाही, म्हणजे तिथे सगळं ठीक आहे, असं लेकीने सांगितलं तेव्हा तो पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "मग ठीक आहे असंच लिहायचं की."

लेक : मामा, रिपोर्ट डॉक्टरने डॉक्टरला लिहिलेला असतो. त्यात नेमके शब्दच लागतात.

दादा : पैसे कोणी भरले? लग्नसराईत हिने रात्र-रात्र मशीनवर बसून ब्लाउज शिवले, ते पैसे गेले त्यात. कंपनीत माल नापास झाला तर आम्ही ऑपरेटरच्या नावाने कागद लावायचो. तो मराठीत असायचा, कारण चूक ज्याच्या मशीनवर झाली त्याला वाचता आला पाहिजे. इथे जिचा जबडा, तिलाच कागद वाचता येत नाही.

लेक : पण सोपं करून लिहिलं आणि पुढच्या डॉक्टरचा घोळ झाला तर? "चकती सरकली" एवढं लिहून भागत नाही. किती, कुठल्या दिशेला, तोंड उघडल्यावर काय होतं, हे सगळं लागतं.

दादा : मग दोन कागद द्या. एक त्यांचा, एक आमचा.

यावर लेक बराच वेळ काही बोलली नाही. मी दादाच्या बाजूने आहे. खाली चार ओळी मराठीत लिहायला किती वेळ लागतो? लेकीचं म्हणणं, रोज पन्नास-साठ स्कॅन वाचणाऱ्या माणसाला तोही वेळ नसतो. खरं असेल. पण तो वेळ मग घरातल्यांच्या झोपेतून वसूल होतो.

मग तिने पिशवी उपडी केली आणि मूळ चिठ्ठी शोधून काढली, स्कॅन करायला सांगणारी. तिच्यावर एकच ओळ होती : एमआरआय, टीएम जॉइंट (म्हणजे हाच जबड्याचा सांधा), दोन्ही बाजू.

लेक : हे बघा मामा. कुठल्या बाजूला दुखतं, किती दिवस, तोंड किती उघडतं, काहीच लिहिलेलं नाही. ज्या डॉक्टरांनी रिपोर्ट लिहिला त्यांनी मामीला पाहिलेलंच नाही. त्यांच्यापुढे फक्त काळी-पांढरी चित्रं आली. प्रश्नच विचारला नव्हता, म्हणून त्यांनी जे दिसलं ते सगळं लिहून दिलं. शेवटी लिहिलंय बघा, "क्लिनिकल कोरिलेशन". म्हणजे माणूस तपासा आणि मग याच्याशी ताडून बघा. ते काम अजून कोणी केलेलंच नाही.

दादा : म्हणजे ड्रॉइंग न देता पार्ट तपासायला पाठवला.

लेक : तसंच.

दादा : पण पार्टमध्ये दोष तर सापडला ना? तो खोटा आहे का?

लेक : खोटा नाही. पण दोष म्हणायचा का, ते बघू. अजिबात न दुखणाऱ्या, कधीच तक्रार नसलेल्या लोकांचे जबडे याच मशीनखाली तपासून झालेत. १९८७ साली एक अभ्यास आला, १९९६ साली आणखी एक. दोन्हींत साधारण तिघांमागे एकाची चकती सरकलेली निघाली. ती माणसं जेवत होती, जांभया देत होती, भांडत होती.

दादा : तीनात एक? एवढे नापास होत असतील आणि तरी गाडी चालत असेल, तर टॉलरन्स चुकीचा धरलाय.

लेक : बरोबर बोललात. म्हणूनच चकती सरकलेली दिसली की लगेच ऑपरेशन करायचं नसतं.

दादा : सोपं बोलतेस. उद्या तुझे डॉक्टर हिला सांगतील, "काही नाही, मनाचे खेळ आहेत". बायकांच्या दुखण्याला असंच म्हणतात. आमच्या आईला आयुष्यभर हेच ऐकावं लागलं. हा रिपोर्ट आहे म्हणून निदान हिच्या हातात कागद आहे. तू तोही काढून घ्यायला निघालीस.

मला वाटतं, त्या दिवशीचं सगळ्यात खरं वाक्य हेच होतं. लोक स्कॅनमागे का धावतात याचं कारण त्यात आहे. दुखणं दिसत नाही, कुणी मानत नाही. फिल्म दाखवता येते.

लेक : मामा, मामीचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. ते या चकतीतून येतंय का, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि ते चित्र सांगत नाही, बोट सांगतं.

तिने हात धुतले, वहिनींना खिडकीजवळ खुर्चीत बसवलं आणि मागे उभी राहिली. दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट टेकवलं. "मामी, सावकाश तोंड उघड." वहिनींनी उघडलं. हनुवटी सरळ खाली आली नाही. निम्म्यावर आली आणि डावीकडे कलली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. चार महिने रोज समोर बसून जेवणाऱ्या दादाला ते पहिल्यांदा दिसलं.

लेक : तोंड उघडताना हाडाचं डोकं आधी जागेवर फिरतं, मग पुढे घसरतं. उजवं घसरतंय, माझ्या बोटाला लागतंय. डावं घसरत नाही.

दादा : शटर. एका बाजूचं चॅनल अडकलं की शटर तिकडे कलतं.

लेक : अगदी तसंच. म्हणजे बाजू अदलाबदल झालेली नाही. रिपोर्ट डाव्या सांध्याबद्दल खरं बोलतोय. मामी, डाव्या कानाजवळ पूर्वी टक् असा आवाज यायचा का?

वहिनी : यायचा ना. लग्नाच्या आधीपासून. जेवताना टक्-टक्. सासूबाई चिडायच्या. मग तीन-चार वर्षांमागे बंदच झाला. मला वाटलं, बरं झालं आपोआप.

लेक : बंद झाला तेव्हा तोंड कमी उघडायला लागलं होतं?

वहिनी : हो गं. पाणीपुरी खाता येईना. पोरं हसायची. दोन-तीन महिने डावीकडे दुखलंही. मग राहिलं.

या चार महिन्यांत वहिनींना इतकं कुणी बोलू दिलं नव्हतं. रिपोर्टमधलं कोडं त्या दोन वाक्यांत सुटलं. टक् आवाज येत होता तोवर चकती सरकायची आणि उघडताना परत बसायची. तो आवाज बसण्याचा होता. मग एके दिवशी ती बसायची थांबली, म्हणून आवाज थांबला. आवाज गेला म्हणजे सांधा बरा झाला असं वाटतं, आणि पुष्कळदा नेमकं त्याच वेळी चकती अडकलेली असते. पुढे काही महिन्यांत शरीर त्याच्याशी जुळवून घेतं आणि दुखणं निवतं. डाव्या बाजूची ती जुनी, निवलेली गोष्ट मशीनला आज दिसली.

दादा : मग आज उजवीकडे काय दुखतंय?

लेकीने वहिनींना दात घट्ट आवळायला सांगितले. उजव्या गालाचा स्नायू बोटांखाली टरारून वर आला. तो सैल सोडायला सांगून तिने दोन बोटांनी दाबायला सुरुवात केली, वरपासून खालपर्यंत, एकेका जागी थोडा वेळ थांबत.

दादा : किती जोर लावतेस?

लेक : साधारण एक किलोचा. आम्ही किचनच्या वजनकाट्यावर बोट दाबून शिकलोय.

एका जागी वहिनींनी तिचा हात धरला.

लेक : दुखलं? नुसतं दुखलं, की तुझं ते रोजचं दुखणं हेच?

वहिनी : हेच. हेच ते. कानात जातं, वर कपाळापर्यंत.

लेक : मामा, या दुखण्याचे जगभर वापरले जाणारे निकष २०१४ साली आले. त्यांत हा प्रश्न मुद्दाम आहे : "हे तुमचं ओळखीचं दुखणं आहे का?" चित्राला ओळख विचारता येत नाही. हे दुखणं स्नायूचं आहे. डावा सांधा अडकल्यापासून मामी सगळं उजवीकडे चावते. त्यात लग्नसराईत रात्री मशीनवर बसते. मामी, दोरा कशाने तोडतेस?

वहिनींनी काही उत्तर दिलं नाही. उजवीकडचे दोन दात बोटाने दाखवले. मी जवळ जाऊन पाहिलं. वरच्या सुळ्याच्या कडेला बारीकशी खाच पडली होती, सुईच्या नेढ्याएवढी. वीस वर्षांचा दोरा तिथून गेला होता.

दादा : आणि कान? आधी कानाच्याच डॉक्टरांकडे गेलो होतो आम्ही. कान स्वच्छ आहे म्हणाले.

लेक : कान खरंच स्वच्छ असेल. सांधा कानाला खेटून आहे, त्यामुळे दुखणं तिथे जाणवतं. १९३४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीच हे पहिल्यांदा ठळकपणे मांडलं. मागच्या दाढा पडल्या की जबडा मागे सरकून कानापाशी दाब येतो, असं त्यांचं म्हणणं. ते कारण पुढे टिकलं नाही, पण त्यांचं नाव त्या दुखण्याला कित्येक वर्षं चिकटून राहिलं. ज्याला जे दिसतं त्यावर तो बोट ठेवतो. तेव्हा पडलेल्या दाढा दिसत होत्या, आता चकती दिसते.

दादा : एक सांग. चकती खराबच असेल तर काढून नवी का घालत नाहीत? बेअरिंग बदलतोच ना आपण?

लेक : घालून पाहिली आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत हजारो लोकांच्या जबड्यातली चकती काढून तिथे टेफ्लॉनचे तुकडे बसवले. दिसायला चोख होते. चावण्याच्या दाबाने त्यांचा भुगा होऊ लागला, शरीर त्या भुग्यावर तुटून पडलं आणि शेजारचं हाड खाल्लं गेलं. १९९० च्या डिसेंबरात तिथल्या औषध प्रशासनाला धोक्याचा इशारा काढावा लागला. ज्यांना आधी नुसतं दुखत होतं, त्यांतल्या कित्येकांचा सांधाच गेला. ऑपरेशन कधीच लागत नाही असं मी म्हणत नाही. काही जणांना लागतं. पण ते सगळ्यात शेवटी, आणि दुसऱ्या तज्ज्ञाला विचारून.

दादा खिडकीकडे जाऊन उभा राहिला. विमानतळ जवळ आहे, एक विमान खाली उतरत होतं, त्या आवाजात दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग तो आमच्याकडे न वळताच म्हणाला, "माझ्या लाइनवरच्या दोघांचं असंच सुरू झालं होतं."

त्याचा हट्ट कशातून आला होता ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या माणसाच्या खिशात पुडी असते, २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्याला बंदी असूनही असते. तोंड हळूहळू बंद होत जातं. त्या दोघांपैकी एकाचा अर्धा जबडा काढावा लागला. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दादा त्याला भेटायला जायचा. तोंड उघडत नाही हे शब्द ऐकले की त्याला तो चेहरा दिसतो.

लेक : मामा, ही भीती बरोबर आहे. आमच्या ओपीडीत हेच सगळ्यात आधी बघतात. पण ते दुखणं सांध्याचं नसतं, गालाच्या आतल्या अस्तराचं असतं. सुपारीने ते अस्तर कडक होत जातं. १९५३ मध्ये जोशी नावाच्या भारतीय डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. आधी तिखट झोंबतं, मग गाल आतून पांढुरका पडतो, बोट फिरवलं की दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे लागतात. सांध्याच्या एमआरआयमध्ये ते शोधत नाहीत. त्याला उजेड आणि बोट पुरतं. मामी, सुपारी?

वहिनी : नाही. सुपारी नाही कधी.

लेक : तंबाखू? मिश्री?

वहिनींनी आधी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मिश्री लावायचे. माहेरी सगळ्याच लावायच्या. आठ वर्षं झाली सोडून."

दादाला हे माहीत नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, स्कॅनच्या फॉर्मवर तो रकाना नव्हता. मराठवाड्यात कितीतरी बायका भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावतात आणि ती व्यसनात मोजतच नाहीत, म्हणून कुणी तंबाखूबद्दल विचारलं तर "नाही" म्हणतात. प्रश्न त्यांच्या शब्दात विचारावा लागतो. लेकीने मोबाइलचा उजेड पाडून दोन्ही गाल, जीभ, जिभेखाली, हिरड्या सगळं पाहिलं.

लेक : गाल मऊ आहेत. पांढरं-लाल काही दिसत नाही, जखम नाही. पण मी इंटर्न आहे, माझ्या शब्दावर राहू नका. उद्या आमच्या कॉलेजातल्या मॅडमना दाखवू. मिश्री लावली होती हे त्यांना सांगायचं, लपवायचं नाही. आणि आता मी विचारते त्याला नीट उत्तर दे. जिना चढताना, पाणी भरताना जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो, असं होतं का? छातीत दाब, घाम?

वहिनी : नाही गं. जेवताना आणि सकाळी उठल्यावर.

लेक : ओठ, हनुवटी बधिर? विजेसारखी कळ? गालावर सूज? वजन कमी झालंय?

वहिनी : काहीच नाही.

दादा : छातीचा आणि जबड्याचा काय संबंध?

लेक : हृदयाचं दुखणं कधीकधी जबड्यातच जाणवतं, बायकांत तर जास्त. तसं असतं तर आत्ता इथे बोलत बसलो नसतो, थेट घाटीच्या अपघात विभागात गेलो असतो.

मग तिने जे विचारलं, ते माझ्या मनात त्या दिवसापासून राहिलं आहे. "मामा, तुमची स्टीलची पट्टी आहे का?" दादाने कपाटातून पट्टी काढली, कंपनीतून निवृत्त होताना बरोबर आणलेली, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली. ती त्याने स्पिरिटने पुसली. वहिनींनी दुखणार नाही इतकंच तोंड उघडलं आणि दादाने वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं. २९ मिलिमीटर. पुन्हा मोजलं. २९. स्वतःची तीन बोटं उभी आत जावीत इतकं तोंड साधारण उघडतं, चाळीसच्या वर. वहिनींची दोनही जेमतेम जात होती.

लेक : हा आकडा रिपोर्टमध्ये नाही. आणि उपचाराचा उपयोग होतोय का, ते यावरूनच कळणार. चित्र परत काढलं तरी चकती तिथेच असेल. ती बसली नाही तरी चालतं. दुखणं जायला हवं आणि तोंड उघडायला हवं. रोज सकाळी मोजा, लिहून ठेवा.

दादा : मग स्कॅन वाया गेला?

लेक : वाया नाही गेला. गाठ नाही, हाडात सूज नाही, सांध्यात पाणी नावालाच आहे, हे कळलं. पण आधी बोटाने तपासलं असतं आणि एक साधा दातांचा एक्स-रे, ओपीजी, काढला असता, तर बहुतेक आत्ता याची गरज पडली नसती. हे मला मान्य आहे.

दादा : तेवढं मान्य केलंस ना. बस.

वहिनी : तो तोंड उघडून काढलेला फोटो पण काही खरा नाही. दातांत ठोकळा दिला आणि म्हणाले, हलू नका. डोक्यापाशी ठकठक चाललेली. मंगळसूत्र, जोडवी, केसांच्या पिना सगळं काढलेलं, मला रडू येत होतं. मी कुठे तोंड उघडलं? अर्धंच उघडलं.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "तोंड उघडल्यावरही चकती बसत नाही" हे वाक्य रिपोर्टमध्ये होतं ते त्या अर्ध्या उघडलेल्या तोंडावरून. शटर कलतं म्हणून ते बहुधा खरं आहे. पण किती उघडलं होतं हे तिथे लिहायला हवं होतं, असं तीच म्हणाली.

सोमवारी घाटीत मॅडमनी तपासलं. निदान तेच निघालं, गाल मऊ असल्याचंही तेच. दिलं ते साधं : थोडे दिवस गोळ्या, गरम शेक, भाकरी वरणात कुस्करून, दोरा कात्रीने, जांभई आली की हनुवटीखाली मूठ, दिवसा ओठ मिटलेले पण दात एकमेकांना न टेकलेले, जबड्याचे दोन व्यायाम आणि रात्री दातांवर चढवायची पट्टी. मिश्रीसाठी दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं. ऑपरेशनचा विषय निघाला नाही.

तुमच्या घरातही अशी पिशवी असेल तर एवढं करा. चिठ्ठीवर दुखणारी बाजू आणि किती दिवस दुखतं ते लिहून घेतल्याशिवाय स्कॅनला जाऊ नका. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना विचारा, "यातलं माझं दुखणं कुठलं?" आणि मराठीत उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. ज्याचं दुखतंय त्याला आधी बोलू द्या. आम्ही तिघं दीड तास फिल्मवर बोलत होतो, आणि उत्तर समोर पदर दाबून बसलं होतं.

वहिनींच्या शिलाई मशीनच्या वर भिंतीवर दादाने कंपनीतल्यासारखा तक्ता लावलाय. तारीख, माप, दुखणं दहापैकी किती, असे तीन रकाने. पहिल्या दिवशी २९ आणि ७. परवा सातवा आठवडा पुरा झाला, ३७ आणि २. तक्त्याच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेली छोटी कात्री लटकते.